चालत्या दुकानाला मदत कुठून मिळते? गोव्याच्या खाणपट्ट्यातले एक प्रकरण

गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या एका पालिकेच्या गावात, ऐन बाजारात, एक भुसारी दुकान आहे. वडिलांनी घातलेले, आता मुलगा आणि सून चालवतात. मुलगाही पंचावन्नच्या पुढे गेला. तांदूळ, डाळी, तेल, साबण, बिस्किटे, उदबत्त्या, दाराशी शीतपेयांचा कूलर, आत दुधाचा फ्रीझर. गिऱ्हाईक तुटलेले नाही, दुकान सकाळी साडेसातला उघडते आणि रात्री नऊनंतरच बंद होते. तरीही २०२४ च्या अखेरीस ते कायमचे बंद करण्याची बोलणी घरात सुरू झाली होती. मी अशा छोट्या दुकानदारांचे हिशेब आणि कराची विवरणपत्रे सांभाळते. हे प्रकरण माझ्याकडे २०२५ च्या जानेवारीत आले. दुकानदारांच्या संमतीने ते लिहिते आहे. नाव आणि गाव देत नाही, आणि आकडे गोल केले आहेत.

बाजारात सगळे या दुकानदाराला मामा म्हणतात, मीही म्हणते. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "बाय, कर्ज काढून दे म्हणायला आलेलो नाही. महिन्याचा खर्च कसा आवरायचा, तेवढं सांग." पुढच्या काही महिन्यांत आम्ही सरकारी योजनांची जेवढी दारे ठोठावली, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांच्या आत कर्जच होते. दुकानदाराची अडचण एका जागी आणि मदत दुसऱ्या जागी, हे कसे होते ते मला या दुकानाच्या वहीवरून दाखवायचे आहे.

वही काय सांगत होती

महिन्याची विक्री सरासरी ४ लाख रुपये. ऐकायला भरपूर वाटते, पण भुसारीत सुटणारा पैसा पातळ असतो. तेल-साखरेवर दोन-तीन टक्के, साबण-बिस्किटांवर आठ-दहा, सुटे मसाले आणि पूजेच्या सामानावर त्याहून बरे. सगळे मिळून नऊ टक्के, म्हणजे ३६,००० रुपये. त्यातून दुकानाचे भाडे १२,०००, वीज ५,५००, अर्धा दिवस येणाऱ्या बाईचा पगार ६,५००, बेळगावहून चोर्ला घाट उतरून येणाऱ्या टेंपोचे भाडे आणि हमाली ३,५००, आणि फोन, पिशव्या, व्यापार परवाना, कचऱ्याचे शुल्क, हिशेबाची फी असे किरकोळ मिळून ३,०००. बेरीज ३०,५००. उरले ५,५००, तेही दोन माणसांच्या दिवसभराच्या राबण्याची काहीच किंमत न धरता.

या ५,५०० मधून ४,५०० दर महिन्याला एका खाजगी सावकाराकडे जात होते. २०२३ च्या चतुर्थीसाठी माल भरायला दीड लाख घेतले होते, शेकडा तीन दराने. दीड वर्षात ८१,००० रुपये व्याज गेले आणि मुद्दल दीड लाखच राहिले. महिन्याला हातात राहत होते हजार रुपये. मामांचा मुलगा वेर्ण्याला कारखान्यात आहे, त्याचा संसार तिकडेच. जमेल तेव्हा पैसे पाठवतो. मामींच्या खात्यात राज्य सरकारच्या गृह आधार योजनेचे महिना १,५०० रुपये येतात. त्या काळात घराला दुकानापेक्षा गृह आधार जास्त देत होता.

एक खर्च तर वहीत नव्हताच. १० ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलला. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने नोंदणी नसलेल्या घरमालकाकडून व्यापारी जागा भाड्याने घेतली असेल, तर भाड्यावरचा १८ टक्के कर आता भाडेकरूने स्वतः भरायचा असतो. १२,००० वर महिना २,१६०. मामांना हे कुणी सांगितले नव्हते. भरलेल्या कराची वजावट विक्रीवरच्या करातून मिळते, पण सुटा तांदूळ-डाळ करमुक्त असल्यामुळे पूर्ण मिळत नाही, आणि पैसे तर आधी रोखीने भरावेच लागतात. म्हणजे हजार रुपये उरत होते हेही खरे नव्हते. दुकान महिन्याला हजार-बाराशेंच्या खड्ड्यात होते.

मामांना नोंदणी का लागली, हाही प्रश्न अनेक जण विचारतात. गोव्यात मालाच्या व्यापाराला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख उलाढालीची आहे. त्या उलाढालीत करमुक्त मालही मोजला जातो. मामांची विक्री ४८ लाखांची, त्यातली जवळपास निम्मी करमुक्त. तरी नोंदणी चुकत नाही. ज्या दुकानाला वर्षाकाठी घरखर्चापुरतेही सुटत नाही, ते कायद्याच्या नजरेत लहान राहत नाही.

हे एका वर्षात झाले नाही

दुकान खाणीवर अवलंबून नव्हते, खाणीच्या पैशावर मात्र होते. ट्रकवाले, त्यांचे क्लीनर, गॅरेजवाले, खानावळी चालवणाऱ्या बाया, सगळ्यांचा महिन्याचा किराणा इथून जायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. २०१४ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने खाणींच्या ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून खनिज काढणे पुन्हा बंद झाले.

त्या काळात सरकारने मदत केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ट्रकमालक आणि बार्जमालकांना अर्थसाहाय्य मिळाले, खाणीसाठी घेतलेल्या वाहनांच्या आणि यंत्रांच्या कर्जांवर सवलतीची योजना आली. भर अर्थातच ज्यांचे चाक थांबले त्यांच्यावर होता. पण ट्रक दारात उभा राहिला तेव्हा त्या घरात तांदूळ गेला तो मामांच्या वहीवर लिहून. कित्येक घरांना बाजाराने उधारीवर जगवले आणि बाजाराच्या त्या उधारीला कुठलीच योजना लागू नव्हती. मामांची २०१८ ची वही मी पाहिली. पानापानावर त्याच नावांपुढे रक्कम वाढत गेलेली, शेवटी एक आडवी रेघ. "त्यांच्याकडे मागणार तरी कुठल्या तोंडाने?" मामी म्हणाल्या. अलीकडे लिलाव होऊन खाणी थोड्याथोड्या सुरू होत आहेत, पण महामार्गालगत मोठी दुकाने आली आहेत. पगार झाला की लोक तिकडे जातात आणि वीस तारखेनंतर मामांकडे, वहीवर.

मग २०२० ची टाळेबंदी. केंद्राची तातडीच्या कर्जहमीची मोठी योजना मे महिन्यात आली. त्यात २९ फेब्रुवारी २०२० रोजी बँकेचे जेवढे कर्ज फेडायचे बाकी असेल, त्याच्या २० टक्के वाढीव कर्ज सरकारी हमीवर मिळत होते. मामांचे बँकेत एका पैशाचेही कर्ज नव्हते. शून्याचे २० टक्के शून्य. आयुष्यभर बँकेचे देणे केले नाही म्हणून जो माणूस गावात मान मिळवतो, त्याला त्या योजनेत जागा नव्हती.

योजनांची दारे

आम्ही एकेक योजना घेऊन बसलो. दुकानासमोर फूटपाथवर फळे विकणाऱ्या बाईला पीएम स्वनिधीतून आधी १०,००० मिळाले, फेडल्यावर २०,०००, पुढे ५०,००० ची वाट मोकळी झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिले दोन टप्पे १५,००० आणि २५,००० केले गेले. वेळेवर फेडले तर व्याजात ७ टक्के परत. तिचा धंदा त्याने खरोखर उभा राहिला, मी तो पाहिला आहे. पण ती योजना पथविक्रेत्यांची आहे. डोक्यावर भाड्याचे का होईना छप्पर असलेल्या माणसाची नाही. लघु व्यापारी मानधन योजना २०१९ ची. दीड कोटीपर्यंत उलाढालीच्या दुकानदाराला साठीनंतर महिना ३,००० पेन्शन. मात्र नोंदणीचे वय १८ ते ४०. योजना आली तेव्हा मामा पन्नाशीला टेकले होते. ईडीसी या राज्य सरकारच्या वित्त महामंडळामार्फत चालणारी मुख्यमंत्री रोजगार योजना चांगली आहे, पण तिचा मुख्य रोख स्वयंरोजगार सुरू करणाऱ्या तरुणांकडे. नवे दुकान घालणाऱ्याला तिथे वाट आहे, चाळीस वर्षांचे जुने दुकान टिकवणाऱ्याला ती सापडली नाही.

छोट्या उद्योगांच्या केंद्र सरकारकडच्या उद्यम नोंदणीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण इथे गैरसमज फार आहे. सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण मोफत होते. मामांनी मात्र एका खाजगी ठिकाणी त्यासाठी दीड हजार मोजले होते. जुलै २०२१ पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना ही नोंदणी खुली झाली, पण एकाच लाभापुरती: बँकेने दिलेले कर्ज प्राधान्य क्षेत्रात, म्हणजे बँकांनी ठरावीक वाटा द्यायलाच हवा अशा कर्जांत, मोजले जावे. लघुउद्योगाचे बाकीचे हक्क व्यापाऱ्याला मिळत नाहीत. आणि त्यातला एक हक्क मामांना नेमका हवा होता.

एक कँटीन ठेकेदार मामांकडून तांदूळ, तेल, डाळ उचलतो. त्याच्याकडे ७०,००० रुपये अडकले होते, काही बिले सात महिन्यांपूर्वीची. लघुउद्योग विकास कायद्याप्रमाणे छोट्या उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात, नाहीतर चढे व्याज लागते आणि तक्रारीसाठी सरकारी व्यवस्थाही आहे. त्याच ठेकेदाराला मसाला कुटून देणारी बाई तिथे दाद मागू शकते. त्याच गोदामात तांदळाचे पोते टाकणारे मामा मागू शकत नाहीत, कारण ते व्यापारी. त्या ७०,००० वर ते स्वतः सावकाराला शेकडा तीन भरत होते. ठेकेदाराच्या बिनव्याजी वापराचे व्याज एक भुसारी दुकान भरत होते. या प्रकरणात मला सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट ही.

राहिली मुद्रा योजना. किशोर गटात ५०,००० ते ५ लाख, तारण नाही. मामांना कर्ज नको होते, पण महिना शेकडा तीनचे कर्ज डोक्यावर होतेच. ते बदलून घेणे शहाणपणाचे होते.

कागद

बँकेने मागितले ते काही वावगे नव्हते: व्यापार परवाना, जागेचा करार, दोन वर्षांची आयकर विवरणपत्रे, जीएसटी विवरणपत्रे. विवरणपत्रे होती. परवाना वडिलांच्या नावावर होता. वडील जाऊन अकरा वर्षे झाली, दर वर्षी त्यांच्याच नावाने शुल्क भरून पावती घेतली जात होती आणि कुणाला त्यात काही खटकले नव्हते. जागेचा करार कधी झालाच नाही. घरमालकाच्या वडिलांनी मामांच्या वडिलांना शब्दावर दिलेली जागा. आता करार करा म्हटले की घरमालक बिचकतो. लिहून दिले तर भाडेकरूचा हक्क पक्का होईल, ही भीती गोव्यात जुनी आहे आणि पूर्वीचे खटले पाहता निराधारही नाही.

परवाना स्वतःच्या नावावर करायला भावंडांची ना हरकत मागितली गेली. गोव्यात मुलगा-मुलगी वारसाहक्काने सारखे, त्यामुळे बहिणींच्या सह्या आल्याच. एक बहीण सावंतवाडीला, एक बेळगावला. दोघी शिगम्याला माहेरी आल्या, तेव्हा एका दुपारी जेवणे उरकून सगळ्यांनी मिळून कागद केले. मोठ्या बहिणीने सही करण्यापूर्वी विचारले, "दुकान बंद तर नाही ना करणार?" घरमालकाने करार नाहीच केला, पण माझ्या समजावण्यानंतर आणि मामांच्या गयावया केल्यानंतर पत्र दिले, की ही व्यक्ती इथे दुकान चालवते आणि माझी हरकत नाही.

शाखेत पहिल्यांदा मुदतठेव तारण ठेवा असे सांगितले गेले. छोट्या उद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा तेव्हा, २०२५ मध्ये, रिझर्व्ह बँकेचा दंडक होता. तो छापून नेला तेव्हा विषय संपला. अडीच लाख मागितले होते, जूनमध्ये दीड लाख मंजूर झाले, साधारण ११ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता ३,३०० रुपये. कर्ज मालासाठी होते आणि त्याचा मालच घेतला. चतुर्थीच्या बाजारात तो विकून सुटलेली रोकड सावकाराला दिली. आधी महिना ४,५०० जाऊन मुद्दल हलत नव्हते. आता ३,३०० जातात आणि पाच वर्षांत सगळे संपेल. मदतीचा एवढाच, पण खरा उपयोग.

बाकीचे कुठून आले

त्याआधीच, ३१ मार्च २०२५ च्या आत, मामांना जीएसटीच्या कंपोझिशन पद्धतीत, म्हणजे विक्रीवर ठोक दराने कर भरण्याच्या सोयीत, नेले. तिची मर्यादा वर्षाला दीड कोटी उलाढालीची, आणि व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर १ टक्का. खरेदीवरच्या कराची वजावट सोडावी लागते, त्यामुळे विक्रीवरचा कराचा बोजा साधारण तेवढाच राहिला. फरक पडला तो भाड्यावर. १६ जानेवारी २०२५ पासून कंपोझिशनवाल्यांना भाड्यावरचा तो कर भरावा लागत नाही. महिना २,१६० थांबले, विवरणपत्रेही कमी झाली. शिल्लक मालावर घेतलेली वजावट परत करावी लागते म्हणून मार्चअखेर फळ्या मुद्दाम रिकाम्या ठेवल्या होत्या.

याला एक दुसरी बाजूही निघाली. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर उतरले: साबण, टूथपेस्ट, बिस्किटे १८ वरून ५ टक्क्यांवर, फरसाण १२ वरून ५ वर. गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी नवा भाव मागू लागले, आणि ते रास्तच होते. पण मामांच्या फळीवरचा माल जुन्या कराने घेतलेला, आणि वजावटीचा हक्क सोडलेला. काही वितरकांनी फरक दिला, काहींनी हात वर केले. चतुर्थी ऑगस्टच्या शेवटी होऊन गेल्याने साठा कमी होता, म्हणून फटका सहा हजारांवर आटोपला. ग्राहकाला स्वस्ताई देण्याचा निर्णय चांगला होता. मात्र तो लागू होण्याच्या रात्री छोट्या दुकानाच्या फळीवर काय पडून आहे, याचा विचार कुणीतरी करायला हवा होता.

विजेचे काम कंटाळवाणे, पण लाभाचे ठरले. वडिलांच्या वेळी मागच्या खोलीत पिठाची गिरण होती. मोटर कधीच विकली, मंजूर भार मात्र तेवढाच राहिला होता आणि स्थिर आकार त्यावर लागत होता. घरमालकाच्या सहीने तो कमी करून घेतला. फ्रीझरच्या दाराचे रबर गेले होते, ते बदलले. दाराशी असलेला कूलर शीतपेयांच्या कंपनीने फुकट दिलेला; पण पावसाळ्यात त्यातल्या बाटल्यांवर सुटते त्यापेक्षा तो वीज जास्त खातो, हे मीटर बघून महिनाभर लिहून काढले तेव्हा कळले. आता तो जून ते सप्टेंबर बंद असतो. बिल ४,००० वर आले. टेंपो शेजारच्या दोन दुकानदारांबरोबर वाटून आणल्याने ५०० वाचले, किरकोळ खर्चात ५००.

हिशेब मांडला तर दुकान हजार-बाराशेंच्या तोट्यातून महिना ४,७०० च्या शिलकीत आले. म्हणजे सुमारे ५,९०० चा फरक. त्यातले सरकारी योजनेने दिलेले १,२०० रुपये, व्याज आणि हप्त्यातला फरक. २,१६० करपद्धत बदलल्यामुळे, म्हणजे सरकारनेच घातलेला बोजा सरकारच्याच दुसऱ्या तरतुदीने उतरला. उरलेले २,५०० मामा-मामींनी स्वतः काढले. आणि या सगळ्यासाठी त्यांच्या शेजारी बसून कागद वाचणारे कुणीतरी लागले.

म्हणूनच माझे म्हणणे आहे, की गोव्यासारख्या लहान राज्याने छोट्या दुकानांची मदत कर्जाच्या खिडकीतून काढून खर्चाच्या खिडकीत आणावी. पालिकेचे परवाना आणि कचरा शुल्क दुकानाच्या आकाराप्रमाणे उतरते करता येईल. थोडा भार आणि थोडा वापर असलेल्या दुकानांसाठी विजेचा वेगळा टप्पा वीज नियामक आयोगापुढे मागता येईल. ४५ दिवसांचे संरक्षण व्यापाऱ्याला मिळावे, हे केंद्राचे काम, पण मागणी राज्य करू शकते. स्वयंपूर्ण गोवा उपक्रमात २०२० पासून सरकारी अधिकारी मित्र म्हणून गावोगाव जातात. त्यांनी महिन्यातून एकदा आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी बाजारात टेबल टाकून बसावे आणि मेलेल्या वडिलांच्या नावावरचे परवाने, जुने वीजभार, उद्यमची नोंद एवढे जरी मार्गी लावले, तरी पुष्कळ होईल. पैसे देण्यापेक्षा हे स्वस्त आहे. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीची भाजी मिळते, त्याने ग्राहकाला आधार होतो. मामांनी कांदे-बटाटे विकणे त्यामुळे सोडले आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नाही. राज्य किरकोळ बाजारात पैसा घालत नाही असे नाही. तो दुकानदाराला वळसा घालून जातो.

कँटीन ठेकेदाराने ७०,००० मधले २५,००० दिले आहेत, तेही मामांनी माल थांबवल्यावर. बाकीच्यासाठी वकिलाची नोटीस पाठवायची की थांबायचे, यावर घरात एकमत नाही. कामाच्या बाईने पगारवाढ मागितली आहे आणि ती द्यायला हवी. कंपोझिशनमध्ये राहायचे की बाहेर पडायचे, हे नव्या दरांच्या हिशेबाने ३१ मार्चपूर्वी ठरवायचे आहे. त्यासाठी करपात्र आणि करमुक्त विक्री रोज वेगळी लिहावी लागते, आणि गेल्या महिन्यापासून मामींनी त्याची वेगळी वही घातली आहे.